झोळी की इस्त्रीचा शर्ट? फील्ड टीमच्या पेहरावाचा नियम लिहायचा आहे

पांदणवाट (प्रश्न)

यवतमाळ जिल्ह्यात राळेगाव-कळंब पट्ट्यात आमच्या संस्थेची आठ जणांची फील्ड टीम आहे, पाच मुलं आणि तीन मुली. काम कापूस उत्पादकांच्या गटांचं, बायकांच्या बचत गटांचं आणि थोडं पाणलोटाचं. विश्वस्त मंडळाने पेहराव आणि वागणुकीचे नियम लेखी मागितले आहेत. त्यावरून दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, खादीचा कुर्ता आणि झोळी, ‘आपण सेवेचे लोक, तसं दिसलंही पाहिजे’. दुसऱ्यांना कंपनीसारखा कॉलरचा टी-शर्ट हवा, छातीवर बोधचिन्ह, काळी पॅन्ट, बूट. मुलींनी साडीच नेसावी असंही एक टिपण आलंय.

बाहेरचं ऐकाल तर आणखी मजा. साध्या कपड्यात तालुक्याच्या ऑफिसात गेलेल्या पोरांना ‘अर्ज तिकडे द्या’ म्हणून योजनेच्या रांगेत उभं करतात. तीच पोरं इस्त्री करून गावात गेली की ‘फंड चांगला आलेला दिसतो’. आणि दोन्हीकडे एक प्रश्न ठरलेला: समाजसेवा करता ना, मग पगार कशाला?

तत्त्वज्ञान नको. कागदावर लिहिता येईल आणि सोमवारपासून पाळता येईल असं काही सांगा. सीएसआरवाल्यांची, म्हणजे सामाजिक कामाला निधी देणाऱ्या कंपनीच्या लोकांची, भेटही तोंडावर आहे.

धुऱ्याकाठी

एकच पेहराव सगळ्या कामांना लावायला निघालात, घोळ तिथेच आहे. आधी टीमचा आठवडा कागदावर मांडा. शेतावरची भेट, घरोघरची नोंद, संध्याकाळची बैठक, बँक किंवा पंचायत समिती. चार कामं, चारही ठिकाणी अंगावर काय लागतं ते वेगळं.

पायापासून सुरू करा, कारण नियम लिहिणारे नेमके पायच विसरतात. जुलै ते सप्टेंबर काळ्या मातीत चामडी बूट घालून वावरात शिरलेला माणूस धुऱ्यापर्यंत (बांधापर्यंत) पोचेस्तोवर दोन्ही पायांना ढेकळं बांधून चालतो. खोल नक्षीचा तळ माती धरून ठेवतो, उथळ नक्षीचा लवकर सोडतो, हे घेताना बघा. गवताच्या धुऱ्यावरून जायचं असेल तर पोटरीपर्यंतचा गमबूटच, सापाचे दिवस असतात. घरोघरच्या कामाला मात्र लेसचे बूट नकोत. दिवसाला बारा घरं धरली तर लेस चोवीस वेळा बांधायची-सोडायची, आणि प्रत्येक वेळी घरची बाई दारात तांब्या घेऊन ताटकळणार. मागे पट्टा असलेली साधी सँडल बरी, पट्टा सरकवला की पाय मोकळा.

आता कंपनीछाप टी-शर्ट. कापसाच्या पट्ट्यात मे-जूनमध्ये छापील बोधचिन्हाचा टी-शर्ट घालून कोण फिरतं? बियाण्याच्या आणि औषधाच्या कंपन्यांची पोरं. तुमचा कार्यकर्ता पारावर बसला की पहिला प्रश्न ‘कोणतं वाण आणलं?’ असाच येणार. पुढची वीस मिनिटं ‘आम्ही काही विकत नाही’ हे पटवण्यात जातील. शिवाय हे टी-शर्ट बहुतेक कृत्रिम धाग्याचे, एप्रिल-मेच्या ४५ अंशांत दुपारपर्यंत अंगाला चिकटतात.

रंगाचंही तसंच. खाकी दिसली की जंगलालगतच्या गावात सरपणाच्या मोळ्या आड होतात, वनरक्षक आला म्हणून. गडचिरोली सीमेकडे काम असेल तर खाकी, हिरवट आणि ठिपक्यांचे फौजी कपडे पूर्ण बंद. तिथे हा जिवाचा प्रश्न आहे. कडक पांढरा सदरा म्हणजे पुढारी. भगवा, निळा, हिरवा, लाल एकसारखा सगळ्या टीमला दिला की आचारसंहितेच्या काळात कुणीतरी फोटो काढतोच. करडा, मातकट, फिक्या निळ्या चौकड्यांचा, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घ्या. त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, आणि हवं तेच आहे.

झोळीवर माझा राग वेगळ्या कारणाने आहे. ती एका खांद्यावर लोंबते, मोटारसायकलवर मागे सरकते, नोंदवहीचे कोपरे दुमडते आणि पहिल्या सरीत आतला हजेरीपट भिजवते. बचत गटाचं पुस्तक भिजलं तर शाई पसरते, शिल्लक रक्कम वाचता येत नाही, आणि मग दोन बैठका त्या भांडणात जातात. दोन्ही खांद्यांची बॅग, तिला पावसाळी खोळ, आत बटणाची प्लास्टिक फाइल. झोळी दिसायला छान असली तर ऑफिसात खुंटीवर टांगा.

मुलींच्या साडीबद्दल: सक्ती करायची असेल तर मुलांना धोतर सक्तीचं करा, मग बोलू. प्रश्न सुट्या टोकाचा आहे. दुचाकीवर पदर किंवा ओढणी चाकात-साखळीत जाते, हे अपघात होतात. नियम असा लिहा: ‘दुचाकीवर आणि यंत्राजवळ कपड्याचं कोणतंही टोक सुटं नसावं.’ तो मुलांच्या दुपट्ट्यालाही लागू होतो. ओढणी छातीवर आडवी घेऊन कमरेला गाठ, किंवा कुर्त्यावर बिनबाह्यांचं जाकीट. जाकिटाला चार खिसे शिवून घ्या. मुलींच्या कुर्त्याला खिसे नसतात म्हणून फोन हातात राहतो, आणि हातात फोन धरून बोलणारी बाई ‘मॅडम’ वाटते.

एका ठिकाणी मात्र पेहराव म्हणजेच शिकवणं असतं. फवारणीचं प्रात्यक्षिक. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसवर माणसं गेली. शिकवणारा स्वतः अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि चप्पल घालून पंप पाठीला लावत असेल, तर तोंडाने काहीही सांगा, लोक डोळ्यांनी बघितलेलंच करतात. प्रात्यक्षिक नेहमी साध्या पाण्यावर, औषधावर नाही. पॅन्ट गमबुटाच्या बाहेरून सोडायची, आत खोचायची नाही, नाहीतर ओघळ थेट बुटात. पीक कमरेखाली असेल तर हातमोजा बाहीच्या आत. पऱ्हाटी (कपाशी) छातीच्या वर गेली की हात उंच होतो, ओघळ कोपराकडे येतो, तेव्हा बाही हातमोज्याच्या आत. हा फरक समोर करून दाखवा, सांगून डोक्यात राहत नाही. नाकाला दुपट्टा बांधून फवारू नये, तो ओला झाला की औषध नाकाशीच धरून बसतो. वाऱ्याकडे तोंड करून चालायचं नाही. आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायचे नाहीत, हे गटातल्या बायकांना वेगळं सांगा, कारण धुणं त्यांच्याकडे असतं.

मगनवाडीकर

‘सेवेचे लोक, तसं दिसलं पाहिजे’ म्हणणाऱ्या विश्वस्तांसाठी थोडं. खादी-झोळीची ही प्रतिमा आपल्याच भागातून देशभर गेली. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला आले. टपाल बुलढाण्याच्या शेगावला जायला लागलं म्हणून १९४० मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. पण त्याच वर्ध्यात, मगनवाडीत, १९३४ पासून ग्रामोद्योग संघाचं काम बघणारे जे. सी. कुमारप्पा हे विलायतेत शिकलेले सनदी लेखापाल होते. म्हणजे खादी घातली की हिशेब ढिला चालतो, ही कल्पना तरी वर्ध्याची नाही. १९३६ मध्येच मुंबईत समाजकार्याचं शास्त्रशुद्ध शिक्षण देणारी शाळा निघाली, तीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. ‘सेवा’ आणि ‘पेशा’ दोन्ही एकाच वर्षी इथे उभे होते, नंतर आपण त्यांची भावकी लावली.

गाडगेबाबांच्या चिंध्या आणि डोक्यावरचं खापर, किंवा हेमलकशाच्या डॉ. प्रकाश आमटेंची बनियन आणि अर्धी विजार, ही त्या-त्या माणसाने स्वतःपुरती घेतलेली गोष्ट. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराट्याने रस्ते झाडायचे, कीर्तन रात्री. खराटा न घेता चिंध्या घातल्या तर तो वेश होतो. पगारी टीमवर असा वेश नियमाने लादू नका.

आणि दिसण्यावरून काम मोजणाऱ्यांना गडचिरोलीच्या सर्च या आरोग्य संस्थेचं उदाहरण द्या. गावातल्या साडीतल्या, बेताच्या शिकलेल्या बायकांनी नवजात बाळांची वजनं, श्वास, ताप घरी जाऊन नोंदवले. ३९ गावांत काम, ४७ गावं तुलनेला. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटला, आणि हा अभ्यास १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्या नोंदी टिकल्या त्या तपासणीमुळे. आरोग्यदूताने लिहायचं, पर्यवेक्षकाने पडताळायचं. कपडे कुणी विचारले नाहीत.

हिशेबनीस

कपड्यांचं वर चांगलं लिहिलंय, पण रांगेत उभं करतात त्याचं कारण शर्ट नसून हातात पत्र नसणं हे आहे. पोरगा टेबलापाशी जातो आणि बोलायला लागतो. कारकुनाला बोलण्यावर शिक्का मारता येत नाही.

पत्र एक पान. वर जावक क्रमांक आणि तारीख. ‘प्रति, मा. गट विकास अधिकारी’ पासून सुरू, विषय एका ओळीत, गावांची नावं, नेमकी मागणी, किती तारखेपर्यंत. सोबत ग्रामसभेच्या ठरावाची प्रत असेल तर पत्राचं वजन दुप्पट. दोन प्रती न्यायच्या, आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय निघायचं नाही. पुढच्या भेटीत तोच शिक्का दाखवून बोलायचं. साहेब दौऱ्यावर असतात त्या दिवशी नुसतं बसून राहू नये. आदल्या दिवशी फोन करून दहा मिनिटं मागावीत. ठराव हवा असेल तर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या ग्रामसभांच्या तारखा धरून तीन आठवडे आधी विषय ग्रामपंचायतीकडे द्यावा. आदल्या रात्री सरपंचाला सांगून काही होत नाही.

गावातला कागदही तितकाच ढिला असतो. हजेरी बैठक संपताना घ्यायची सवय फार वाईट. बायका स्वयंपाकाच्या घाईत उठतात, मग उरलेल्या सह्या कुणीतरी एकीच बसून करते. एकाच शाईत, एकाच वळणाच्या बावीस सह्या ऑडिटरला दुरून दिसतात. पहिल्या दहा मिनिटांत हजेरी, खाली आडवी रेघ, रेघेशेजारी गटाच्या अध्यक्षेची सही. अंगठा असेल तर शेजारी नाव आणि साक्षीदार. पंचवीस बायकांच्या बैठकीला साठ चहाचं बिल लावू नये, हे सांगावं लागतं हेच वाईट. ५,००० रुपयांवरच्या रोख पावतीला एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांवर रोख नाही. तुकडे पाडून दिलं तरी दिवस एकच धरतात. मोटारसायकलचा खर्च किलोमीटरवर द्यायचा असेल तर सकाळचा आणि संध्याकाळचा आकडा वहीत रोज, महिन्याअखेरीला अंदाजाने भरलेली वही गोल आकड्यांवरून ओळखू येते.

आता पगार. यात अर्धा दोष आपल्याच शब्दाचा आहे. आपण ‘मानधन’ लिहितो, म्हणजे काम मानाचं आणि पैसे वर ठेवलेली दक्षिणा. मग रजा नाही, विमा नाही, आणि रात्री साडेनऊला बैठकीवरून येताना अपघात झाला की संस्था वर्गणी काढते. पूर्णवेळ माणूस असेल तर ‘पगार’ लिहा, नेमणूक पत्र द्या, दर महिन्याला ठरल्या तारखेला खात्यावर टाका. भविष्य निर्वाह निधी वीस माणसांपासून सक्तीचा होतो, तुम्हाला आज लागू नसेल. पण आठही जणांचा अपघात विमा याच महिन्यात काढा.

गावाच्या प्रश्नाला उत्तर आकड्यात द्यावं. समजा आठ जणांना १३,००० रुपये महिना, म्हणजे वर्षाला १२,४८,००० रुपये. गावं चाळीस असतील तर एका गावामागे वर्षाला ३१,२००, महिन्याला २,६०० रुपये. हे ग्रामसभेत सांगायचं, आणि त्या २,६०० मध्ये गावाला काय मिळतं ते पुढे: महिन्यात किती भेटी, कोणत्या गटाची किती पुस्तकं लिहून झाली, किती शेतांवर किडींचे सापळे लावले. लोकांना हा हिशेब पटकन कळतो, कारण सालदाराचा हिशेब ते असाच करतात. ‘आम्ही सेवाभावी आहोत’ या उत्तराने मात्र संशय वाढतो, कारण कुणी फुकट काम करत नाही हे गावाला पक्कं माहीत असतं.

विश्वस्तांपैकी कुणी ‘पगार म्हणजे प्रशासकीय खर्च’ म्हणालं तर सरसकट मान हलवू नका. परदेशी निधीत, त्या कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, खरं आहे. पण दवाखान्याच्या डॉक्टरचा किंवा शाळेच्या शिक्षकाचा पगार नियमातच त्यातून वगळला आहे. तुमच्यात कोण कार्यालयात बसतं आणि कोण प्रत्यक्ष काम करतं हे नेमणूक पत्रातच स्वच्छ लिहिलेलं असावं. सगळ्यांना ‘समन्वयक’ म्हणून ठेवलं की वर्षअखेरीला सीएपुढे सांगता येत नाही.

जाता जाता: वागणुकीचे नियम लिहिताय तर माणसं मोजा. आठ फील्डचे, लेखनिक, शिपाई, एखादी प्रशिक्षणार्थी धरली की दहा होतात. दहा झाले की लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती कायद्याने लागते. किमान चार जण, अध्यक्ष बाई, निम्म्या तरी बायका, एक सदस्य बाहेरचा. व्यावसायिकपणा दाखवायचा असेल तर बुटांआधी हे करा.

सिपनाकाठ

मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे जे चालतं त्यावरून दोन गोष्टी. पहिली, ‘गरिबांत जाताना गरिबासारखं दिसावं’ म्हणून मुद्दाम चुरगळलेले, मळके कपडे घालून येणारे असतात. हा अपमान आहे. पाहुणा येणार म्हटलं की घरची बाई अंगण सारवते, धुतलेलं लुगडं नेसते. तिच्यासमोर आपण केस न विंचरता बसायचं? साधे पण धुतलेले, इतकंच पुरे.

दुसरी, कपड्यापेक्षा बसणं लवकर कळतं. गावात दोन-चार खुर्च्या असतात, त्या पाहुण्यासाठी येतात. तीनतीनदा नाही म्हणून जमिनीवर बसलं तर यजमान ओशाळतो. चहा होईपर्यंत खुर्ची किंवा बाज स्वीकारा, बैठक सुरू झाली की सतरंजीवर उतरा, गोलात, फळ्याजवळ नाही. घरचं पाणी दिलं आणि तुम्ही बॅगेतून विकतची बाटली काढली की पुढचं सगळं बोलणं वाया.

वेळ चुकला की ‘हे लोक प्रोफेशनल नाहीत’ असं गावही म्हणतं, त्यांच्या शब्दांत. मार्च-एप्रिलात मोहफुलं पडतात तेव्हा पहाटेपासून दहापर्यंत घरी म्हातारी आणि कोंबड्या. मेमध्ये तेंदूपत्ता. तुमच्याकडे वेचणीच्या दिवसांत बायका सहाला परततात, चूल आठपर्यंत. म्हणजे बैठक साडेआठची, आणि मग मुली परत कशा जाणार हा प्रश्न नियमात सोडवलेला हवा. एकटीने रात्री दुचाकी नाही, मुक्काम नाहीतर जोडी. आठवडी बाजाराच्या दिवशी बैठक ठेवणारा माणूस गाव न बघता कॅलेंडर बघतो.

आणि तोंडावर ‘लाभार्थी’ म्हणू नका. कोरकूत, म्हणजे इकडच्या आदिवासींच्या भाषेत, चार वाक्यं नीट शिकून घ्या, चुकीची बोला, हसू द्या. तुमच्याकडे कोलाम पोडांवर (वस्त्यांवर) जाणार असाल तर तेच कोलामीचं.

कापूसकोंड्या

बाप्पा, केवढं लिवलं कपड्यावर! गावातले लोकं आंधी गाडीचा नंबर पायतेत. एमएच २९ असन तं आपल्यातला. एमएच ३१ असन तं नागपूरचा सायब. एमएच १२ असन तं पुन्याचा, फोटो काढाले आला. मंग पायतेत उतरला कोनाच्या घरी. दर खेपेला सरपंचाच्याच ओसरीत चहा पेला तं तो मानूस सरपंचाच्या पार्टीचा, कुर्ता घालो का कोट घालो. घरं बदलत जा, टोल्यातल्या शेवटच्या घरी बी बसा. आन यादी लावा भितीवर, कोनाले काय भेटलं ते. यादी बॅगेत ठेवली का लोकं शंभर गोष्टी जोडतेत.

फोटोचं बी सांगतो. इचारल्याबिगर काढू नोका. आन काढला तं एक कापी आनून द्या, ते कोनी देत नाई.

पांदणवाट

सगळ्यांचे आभार. कच्चा मसुदा असा केलाय, बघा: कपडे धुतलेले, सुती, पूर्ण बाह्यांचे, खाकी, फौजी आणि पक्षांचे रंग नाहीत, जीन्स नाही, सुटं टोक नाही, शेतात गमबूट, ओळखपत्र गळ्यात कायम, रात्रीच्या बैठकीला जोडी. मुलामुलींना एकच नियम. पगाराचा फलक ग्रामपंचायतीत लावायचा विचार आहे, माणसागणिक नाही, गावामागे.

सीएसआर भेटीचं राहिलं. विश्वस्तांना सगळ्या बायका एका रंगाच्या साड्यांत हव्या आहेत.

हिशेबनीस

एका रंगाच्या साड्या कोणत्या खात्यावर टाकणार, ते आधी विचारा. प्रश्न तिथेच मिटेल.

भेट अडीच तासांची बांधा. एकच गाव, एक शेत, एक गट. पाहुण्यांच्या दोन गाड्यांवर तिसरी नको. पांदणीत चार गाड्या अडकल्या की बंडीवाले खोळंबतात आणि शिव्या तुम्हाला. हार-नारळ, स्वागतगीत यात पाऊण तास जातो, मग शेतावर उन्हात घाई. वेचणीच्या दिवसांत बायकांची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते हे लक्षात घ्या. भेट सकाळी साडेसातला ठेवा आणि दहाच्या आत त्यांना मोकळं करा. हातात देण्याचा कागद तीन पानांचा: गावांचा नकाशा, खर्चाचा तक्ता, आणि काय जमलं नाही त्याचं एक पान. तिसरं पान बघून विश्वस्त घाबरतील. पण कंपनीला तुमच्या खर्चाचा दाखला आपल्या मंडळापुढे ठेवायचा असतो, त्यांना पुढे तोंडघशी पडायचं नसतं. जेवण गटातल्या बायकांकडून करून घ्या, झुणका-भाकर, ठेचा, आणि त्याचं रीतसर बिल द्या. ‘प्रेमाने केलंय’ म्हणून फुकट जेवू नये, पाहुण्यांनीही नाही.

टीमला त्या दिवशी रोजचेच कपडे. नवा शर्ट घालून उभ्या राहिलेल्या पोराला गावातलंच कुणीतरी पाहुण्यांदेखत विचारतं, ‘आज काऊन नटला बे?’

धुऱ्याकाठी

मसुद्यात दोन दुरुस्त्या. ‘जीन्स नाही’ काढून टाका. कारण काय लिहिणार? पावसाळ्यात वाळत नाही हे कारण असेल तर तसं लिहा, ‘जून ते सप्टेंबर जीन्स टाळावी’. गावातली पोरं जीन्सच घालतात, तुमच्या टीमने घातली तर कुणाचं काही जात नाही.

दुसरं, ‘ओळखपत्र गळ्यात कायम’ धोक्याचं आहे. गळ्यातली फीत दुचाकीवर वाऱ्याने तोंडावर येते आणि कडबाकुट्टीजवळ वाकलं की यंत्रात जाऊ शकते. चिमटा लावून खिशाला अडकवा. अक्षरं मराठीत, मोठी. नाव, काम, गावं, रक्तगट, मुदत. मुदत संपलेलं कार्ड पोलीस पाटलाने हातात घेतलं की सगळा व्यावसायिकपणा तिथेच बसतो, म्हणून एप्रिलात सगळी एकदम बदला. मागच्या बाजूला तक्रारीचा नंबर हवाच, पण तो समन्वयकाचा देऊ नका, तक्रार बहुतेक त्याच्याच टीमची असते. विश्वस्तांपैकी एकाचा द्या. साडीचं टिपण ज्यांनी पाठवलं त्यांचा दिलात तरी चालेल, फक्त ते फोन उचलणारे असावेत.